काळी पाच

रेणुकाकाकी माहेरी जाऊन बसली, आणि तेव्हापासून 'पूर्णाकाठ' बँडचं एकही गाणं चुकलं नाही. हीच खरी वाईट गोष्ट होती, आणि ती घरात फक्त तिच्या पुतणीच्या, अपेक्षाच्या, ध्यानात आली होती.

आधी गाणी मजेत चुकायची. एकाच घरातली माणसं वाजवणारी, त्यामुळं सकाळी चुलीपाशी जे काही व्हायचं ते संध्याकाळी स्टेजवर ऐकू यायचं. पिंगळीच्या एका लग्नाला निघताना काका-काकीचं इस्तरीवरून वाजलं होतं, तर सिद्धोधनकाकानं त्या संध्याकाळी कीबोर्डवर प्रत्येक गाणं असं पळवलं की नवरदेवाचे दोस्त नाचून नाचून खाली बसले आणि वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या विचारायला लागल्या, या पोरांना बस गाठायची हाय का. उलट काकी गाता गाता काकाकडं बघून हसली की मधला कीबोर्डचा तुकडा संपायचं नावच घ्यायचा नाही. काकीचा भाऊ रंगामामा ऑक्टोपॅडवरून डोळे वटारायचा, आणि बाबा बेस गिटारच्या त्याच त्या दोन तारा ओढत जांभया द्यायचे. बाबांचं कुणाशी बिनसलं तर बेस एवढा मोठा व्हायचा की पहिल्या रांगेतल्या खुर्च्या थरथरायच्या.

काका कधी मोजून गाणं सुरू करायचा नाही. काकी माईकजवळ तोंड नेऊन श्वास घ्यायची, तो श्वास स्पीकरमधून ऐकू यायचा, आणि त्याच्यामागं सगळे एकदम पाण्यात उडी टाकल्यासारखे गाण्यात शिरायचे. आता काकानं कानाला हेडफोन लावला होता. त्यात एक टकटक चालायची आणि सगळे तिच्यामागं चालायचे. गाणं वेळेवर सुरू, वेळेवर बंद. शाळेतल्या प्रार्थनेसारखं.

आणि माईकवर अपेक्षा होती.

तिला आनंद झाला नव्हता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. अकरावीच्या स्नेहसंमेलनात गायली तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. केस खांद्यापर्यंत कापून आली होती, कुणी काही विचारलं तर मान वर करून उत्तर देत होती, आणि कंगव्याचा माईक करून आरशाला तिच्या कितीतरी मुलाखती देऊन झाल्या होत्या. स्टेजखाली बसून बसून काकीची सगळी गाणी तिला पाठ होती. काकीनंच ती घासून घेतली होती. आवाज वर नेताना खांदे कामून उचलायलीस, तिथं काय गोण्या हायेत का, असं म्हणून पाठीत हळूच धपाटा घालायची. आता तीच गाणी अपेक्षाच्या वाट्याला आली होती. पहिल्यांदा माईकवर 'एक दार' गायली त्या दिवशी सरावाच्या जागेपासून घरापर्यंत ती चालत आलीच नाही, उडत आली. घरी आल्यावर काकीच्या खोलीची बाहेरून लावलेली कडी दिसली, आणि मग तिनं जेवायला नको म्हटलं.

'एक दार' हे काकाचं गाणं. लग्नाआधी येलदरीच्या धरणावर बसून त्यानं ते काकीसाठी रचलं होतं. 'एक दार उघड गं, एकच दार, पाण्याला पोचू दे घरी.' त्यातल्या 'उघड'वर सूर खूप उंच जातो आणि तिथंच उभा राहतो. त्या उभ्या राहिलेल्या सुरासाठीच लोक ते गाणं पुन्हा पुन्हा लावायचे. जिंतूरपासून परभणीपर्यंत कितीतरी फोन त्याच सुरावर वाजायचे. येत्या रविवारी जिंतूरच्या कार्यक्रमात ते चित्रित करायला पुण्याची माणसं येणार होती. गाणार कोण, हे मात्र अजून ठरलेलं नव्हतं.

बिनसलं ते त्या एका सुरापायीच.

काकीच्या गळ्यात गाठ झाली होती. ऑपरेशन नांदेडला झालं, गाठ साधी निघाली, घरात पेढे वाटले गेले. पण त्यानंतरच्या पहिल्याच सरावाला काकाच्या लक्षात आलं की 'उघड'चा सूर काही येत नाही. काकी म्हणाली, घसा अजून कच्चा हाय, येईल हळूहळू. काकी काळी पाचमध्ये गायची, म्हणजे कीबोर्डवरची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा. काकानं ट्रान्सपोजचं बटण दाबलं आणि अख्खा कीबोर्ड एक पट्टी खाली उतरवला. काही महिन्यांनी मधली पांढरी ओलांडून आणखी एक. बोटं पूर्वीच्याच पट्ट्यांवर, आवाज मात्र काळी चारचा. काकीला बोटं दिसत होती, बटण दिसत नव्हतं. बाबा तिच्या मागं उभे राहून बेसवर दोन घरं खाली वाजवायचे. रंगामामाच्या ऑक्टोपॅडला पट्टीशी काही घेणंदेणं नव्हतं, तरी त्यालाही सांगून ठेवलेलं होतं. सूर यायला लागला. काकीनं नांदेडच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून सांगितलं, माझा आवाज जसाच्या तसा परत आलाय.

मग जिंतूरला तिच्या चुलतबहिणीची हळद आली. तिथं दुसराच ऑर्केस्ट्रा होता. माहेरच्या माणसांनी आग्रह केला, काकी उठली, आणि कीबोर्डवाल्याला ऐटीत म्हणाली, काळी पाच. 'उघड'ला आवाज फाटला. सगळ्या पाहुण्यांसमोर. त्या कीबोर्डवाल्या पोरानं आदबीनंच सांगितलं की ताई, तुमची पट्टी काळी चार असंल, तुमच्या नव्या व्हिडिओत काळी चारच हाय.

त्या दिवशी घरी येऊन तिनं एकेकाला विचारलं. कुणी मान वर करेना. रंगामामापाशी येऊन ती थांबली आणि म्हणाली, "तुला बी ठाऊक होतं?" तो पायातल्या चपलेकडं बघत राहिला. काकीनं बॅग भरली.

*

आज सगळ्यांना बोलावलं होतं ते सगुणाआज्जीनं. फोनवर माणूस अर्धं बोलतंय अन् अर्धं गिळतंय, म्हणून समोर बसा, असा तिचा हुकूम होता. जागा ठरली सरावाचीच, मच्छी सोसायटीचं गोदाम. सकाळी धरणातली मासळी बर्फात घालून गाडी परभणीकडं गेली की ते दिवसभर मोकळं असायचं. थर्माकोलचे रिकामे डबे छतापर्यंत रचलेले, त्यामुळं आवाज घुमायचा नाही. वास मात्र घुमायचा. कीबोर्डच्या पिशवीला, माईकच्या तारांना, अपेक्षाच्या ओढणीला, सगळ्यांना रोहूचा वास.

आज्जी मासळीच्या पालथ्या क्रेटवर बसली होती, पदर नीट खोवून. तिच्या मनात काय चाललंय ते अपेक्षाला ठाऊक होतं, कारण ती गोष्ट घरातल्या प्रत्येकानं तिच्या तोंडून ऐकली होती. आजोबांची, भगवानरावांची, गायनपार्टी होती. गावोगाव भीमजयंतीला त्यांना बोलावणं यायचं. मग दोन भावांत तंटा झाला, पेटी एका घरात राहिली आणि ढोलकी दुसऱ्या घरात, आणि मरेपर्यंत दोघांनी एकमेकांचं गाणं ऐकलं नाही. आज्जीला ते दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं.

दुपारच्या बसनं काकी आली. बरोबर रंगामामा. काकी वाळली होती, गळ्यावरची ऑपरेशनची रेघ झाकायला तिनं स्कार्फ घेतला होता. आधी ती कधी तो घ्यायची नाही. आज्जीच्या पाया पडली, बाबांना जयभीम घातला, काकाकडं बघितलं नाही. अपेक्षाच्या कापलेल्या केसांत मात्र तिनं हात घातला.

"कान मोकळे केलेस. बरं केलंस."

अपेक्षाला एकदम रडूच आलं. ते गिळायला ती पाण्याची बाटली आणायला गेली.

बाबांनी सुरुवात ग्रामसभेतल्यासारखी केली. रविवारचा मौका पुन्हा येणार नाही, घरातलं घरात ठेवू, यावेळेपुरतं अपेक्षाला गाऊ द्या, रेणुकेचा गळा बरा झाला की तिची जागा तिलाच. गळा बरा झाला की, हे ऐकून रंगामामा तडकला. म्हणजे ताईच्या नावावर गर्दी जमवायची अन् माईक पोरीच्या हातात द्यायचा, असं का, असं त्यानं विचारलं. बाबांनी त्याला सुनावलं की बटणाचं तुला बी ठाऊक होतं, तवा ताई आठवली न्हाई का. तू तर तिचा सख्खा. मामा उठला. आज्जी म्हणाली, बस खाली, दोघंबी बसा, तुमची कुस्ती बघायला म्या आले न्हाई. दोघंही बसले.

काका एवढा वेळ एक तार उलगडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता.

काकीनं त्याच्याकडं तोंड केलं. आवाज चढवला नाही.

"लोक टाळ्या वाजवायचे तवा मला वाटायचं, माझ्या गळ्याला वाजवायलेत."

"तुझ्या गळ्यालाच."

"तुमच्या बटणाला."

काका तार खाली ठेवून बोलायला लागला. तो बोलणारा माणूस नव्हता, शब्द शोधत होता. म्हणाला की दवाखान्यातून आल्यावर तू झोपेतून उठून गळ्याला हात लावून बघायचीस, चालू हाय का बंद पडलाय असं. आंघोळीला गेलीस की तिथं सूर लावून बघायचीस, अन् बाहेर येताना तुझं तोंड बघवायचं न्हाई. मग एका दिवशी मी ते बटण दाबलं अन् तू हसलीस. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगू?

रंगामामानं नाक ओढलं. अपेक्षाला वाटलं, आता काकी विरघळणार. तिला स्वतःलाच काकाच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

पण काकीनं विचारलं, "अन् त्या सालच्या लग्नसराईच्या तारखा घेतलेल्या होत्या, ते?"

"त्याचा काय संबंध?"

"मी गायले नसते तर तारखा गेल्या असत्या. बँड बसला असता. मला खरं सांगा. माझ्यासाठी केलं का बँडसाठी?"

"तुझ्यासाठी."

"नुसतं माझ्यासाठी?"

"नुसतं तुझ्यासाठी," काका म्हणाला. आणि बाबांनी मान डोलावून पुस्ती जोडली की त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, मी साक्षीदार हाय.

काकीच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं. अपेक्षानं ते बघितलं, पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही. तिला वाटलं, इतकं चांगलं उत्तर दिलं तरी काकीला राग कामून आला?

"ठीक हाय," काकी म्हणाली. "मला एकदा काळी पाच द्या. खरी. सूर आला तर रविवारी मी गाते. न्हाई आला तर मी जाते, अन् कुणी मला काढलं असं मी कुठं म्हणणार न्हाई."

मग आज्जी म्हणाली, "दे रं सिद्धू. मागायलीय तर दे."

काका कीबोर्डमागं गेला. बाबांनी बेस गळ्यात अडकवला. रंगामामानं काड्या हातात घेतल्या. आणि काकानं हेडफोन काढून बाजूला ठेवला. अपेक्षा पाण्याची बाटली धरून कीबोर्डच्या अगदी बाजूला उभी होती. सूर आला पाहिजे, असं ती मनात म्हणत होती. आणि मनातल्याच दुसऱ्या एका कोपऱ्यात, जिथं आरसा होता आणि कंगवा होता, तिथं कुणीतरी म्हणत होतं, नको येऊ दे.

काकाचा अंगठा बटणाकडं गेला. एकदा. पुन्हा एकदा. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर उणे दोन उमटलं.

अपेक्षानं बाबांकडं बघितलं. त्यांचा हात बेसवर दोन घरं खाली सरकला होता. त्यांना सांगावं लागलं नव्हतं. रंगामामानंही बघितलं आणि डोळे मिटून घेतले. कीबोर्डच्या पलीकडं, माईकपाशी उभ्या असलेल्या काकीला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं.

काकीनं माईकजवळ तोंड नेलं. श्वास घेतला.

आणि सगळे उडी टाकल्यासारखे आत शिरले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते गोदाम वाजलं. टकटक नव्हती, मोजणं नव्हतं. काकी एका शब्दावर जरा रेंगाळली तर काका तिच्यासाठी थांबला, ती पुढं सरली तसा तो सरला, आणि बाबांचा बेस त्या दोघांच्या पायाखाली हळूच सतरंजी अंथरत गेला. रंगामामानं मधेच एक अशी उडती थाप मारली की काकीला गातागाता हसू फुटलं. ती हसली म्हणून काकानं मधला तुकडा लांबवला. लांबवतच राहिला. आज्जी मांडीवर ताल धरून बसली होती. अपेक्षा हे गाणं इतके दिवस गात होती, पण हे गाणं तिनं गायलेलंच नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं. शब्द तेच, चाल तीच, पण तिला साथ देताना ही माणसं फक्त वाजवत होती. आता ती एकमेकांशी बोलत होती. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं तरी इथं बोलत होती.

'उघड' आला. वर गेला, आणि उभा राहिला.

गाणं संपलं. रंगामामा बाहीनं डोळे पुसत हसत होता. बाबा म्हणाले, झालं मंग, रविवारचा प्रश्न मिटला. आज्जीनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. काकीच्या गालावर कितीतरी दिवसांनी लाली आली होती. तिनं काकाकडं बघितलं, आज पहिल्यांदाच, सरळ.

काकाचं तोंड घामानं भिजलं होतं. आणि त्यावर आनंद नव्हता. परीक्षेत कॉपी करताना सर बाजूनं निघून गेल्यावर पोराचं जसं तोंड होतं, तसं ते होतं.

काकीचं हसू जागेवरच थांबलं. ती हळूच म्हणाली, "अपू."

"हं."

"तू एकटीच तवा यांच्यात नव्हतीस. तुला विचारते. काळी पाच होती?"

बाबांनी काकीच्या पाठीमागून मान हलवली, अगदी थोडी, कळेल न कळेल अशी. काका कीबोर्डकडं बघत होता. अपेक्षानं बाटली दोन्ही हातांनी धरली.

एक 'हो' म्हटलं की काकी रात्रीच्या जेवणाला घरी. तिच्या खोलीची कडी उघडी. रविवारी हेच गाणं, असंच, पुण्याच्या कॅमेऱ्यासमोर, आणि अपेक्षा पहिल्या रांगेत. इतकं सोपं. आणि मग पुन्हा कुठंतरी, कुठल्यातरी हळदीत, कुणीतरी परकं पोरगं आदबीनं म्हणेल, ताई, तुमची पट्टी. त्या वेळी काकी घरी येऊन एकेकाला विचारेल, आणि अपेक्षापाशी येऊन थांबेल.

हे सगळं खरं होतं. पण जीभ उचलताना मनात आरसाही होता, कंगवाही होता. तेही खरं होतं.

"न्हाई काकी," ती म्हणाली. "काळी चार."

बाबांच्या बेसची एक तार उगीचच वाजली.

काकी कीबोर्डला वळसा घालून आत आली. तिनं पडद्यावरचा आकडा बघितला, आणि स्वतःच्या बोटानं बटण दाबत दाबत तो शून्यावर आणला. मग परत माईकपाशी गेली.

"वाजवा."

काका वाजवेना.

"वाजवा म्हणायले ना मी."

त्यानं वाजवलं. काकीनं श्वास घेतला, पण या वेळी तो तिच्या श्वासाच्या मागं राहिला, सगळेच मागं राहिले. तरी ती गात गेली. 'उघड'ला आवाज वर गेला आणि कापड फाटावं तसा फाटला. ती थांबली, मागची ओळ पुन्हा घेतली, पुन्हा वर गेली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती गेली नाही. स्कार्फ सारखा केला आणि बाजूला झाली.

"अपू, गा."

अपेक्षानं मान हलवली.

"गा. घाबरू नको, मी रागावले न्हाई. मला ऐकायचंय."

अपेक्षा गायली. काय करणार होती? काकीनं सांगितलेलं आजवर तिनं कधी टाळलं नव्हतं. 'उघड' काळी पाचमध्ये सरळ वर गेला आणि उभा राहिला, तारेवर पाखरू बसावं तसा, काही कष्ट न पडता. काकी डोळे मिटून ऐकत होती. एका जागी तिनं शिकवताना करायची तशी मान डोलावली. खांदे उचलले नव्हते म्हणून.

मग तिनं बॅग उचलली. रंगामामानं काड्या पिशवीत घातल्या, ऑक्टोपॅडची वायर काढली आणि म्हणाला, "दाजी, रविवारी मी यायलो न्हाई. दुसरा बघा." काकानं फक्त हात वर केला. अडवायला की निरोप द्यायला, ते कुणालाच कळलं नाही.

ते दोघं बाहेर पडल्यावर बाबा अपेक्षावर उखडले. सगळं जुळलं होतं, घर जुळलं होतं, तुला एक हो म्हणता आलं न्हाई? लय हुशार झालीस शाळेत बक्षिसं घेऊन. माईक पाहिजे होता का? आज्जी क्रेटवरून उठायला लागली आणि उठता उठता म्हणाली, "तिला कामून बोलायलास नागनाथ? तुमी तिघं इतके दिवस जे करायलात, ते ती आजपासून करायला लागली पाहिजे व्हती का?" बाबा तारा गोळा करायला खाली बसले. आज्जीनं डोळे पुसले. म्हणाली, तुझ्या बापाची पार्टी मोडली तवा गावभर बोंब झाली व्हती. हितं तर कुणी ओरडलं बी न्हाई.

अपेक्षा तेवढ्यात बाहेर पळाली होती.

काकी बसथांब्यावर उभी होती, एकटी. रंगामामा पलीकडं चहाच्या टपरीवर बसची चौकशी करत होता. उन्हं धरणाच्या बाजूला कलली होती. अपेक्षा धापा टाकत समोर आली, आणि आल्यावर काय बोलायचं ते तिला ठाऊकच नव्हतं.

काकीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. "एक विचारू? खरं सांगशील?"

"हाव."

"मघाशी तू जे खरं बोललीस, ते माझ्यासाठी का माईकसाठी?"

अपेक्षाच्या तोंडात 'तुझ्यासाठी' आलंच होतं. दातापर्यंत आलं होतं.

"दोन्हीसाठी," ती म्हणाली, आणि हुंदका फुटला.

काकीनं तिला जवळ ओढलं. स्कार्फला वेगळाच वास येत होता, जिंतूरच्या घराचा, मासळीचा नाही. काकी तिची पाठ थोपटत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या काकाला एवढंच म्हणता आलं असतं ना, तर मी आज घरी जेवायला असते."

"मी सांगते त्याला. आत्ता सांगते."

"न्हाई. सांगून म्हणलेलं मला नको. तू सांगायचं न्हाई. शप्पथ हाय माझी."

बस आली. रंगामामानं अपेक्षाच्या डोक्यावर टपली मारली, नेहमीसारखी, पण जरा हळू. काकी खिडकीपाशी बसली. तिनं हात हलवला नाही, नुसती खांद्यांकडं बोट दाखवून ते खाली असू दे अशी खूण केली, आणि बस वळली.

गोदामात परत आली तेव्हा बाबा खाली बसून तारा गुंडाळत होते. आज्जी पाठ टेकून, डोळे मिटून. काका अजून कीबोर्डसमोरच होता, कीबोर्ड चालू होता. त्यानं वर बघितलं. त्याचे डोळे इतके लाल होते की अपेक्षाला त्यांच्याकडं बघवेना.

"काही म्हणली का?" त्यानं विचारलं.

अपेक्षा दारातच उभी राहिली. काकीची शप्पथ तिला आठवली. आणि मग सहज, आवाज न कापता, अगदी सुरात लागावं तसं ती म्हणाली, "पोचले की फोन करते म्हणली."

काकानं मान हलवली. खिशातून मोबाइल काढला, त्याचा आवाज पार वरपर्यंत चढवला आणि तो कीबोर्डवर, पट्ट्यांच्या वरच्या बाजूला ठेवला. जिंतूर काही लांब नाही. बाबा तारा सोडून त्याच्याजवळ येऊन बसले. अपेक्षा आज्जीच्या शेजारी टेकली. आणि मग ते चौघं, काही न वाजवता, वाट बघत तिथंच बसून राहिले.